सुपरकंडक्टर किट घ्या, पण ऑक्सिजनचं विचारून घ्या

लातूरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो, पोरांना दाखवायला ऑनलाइन सुपरकंडक्टरचं, म्हणजे लई थंड केल्यावर करंट विनारोध वाहू देणाऱ्या पदार्थाचं, किट मागवलतं, साडेचार हजाराला पडलं. डब्यात वायबीसीओची म्हणजे यिट्रियम, बेरियम, तांबं अन् ऑक्सिजनची काळी चकती, छोटं मॅग्नेट अन् चिमटा. लिक्विड नायट्रोजनची काळजी होती पण ती गावातच मिटली, जनावरांच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात तेच की हे, ओळखीच्या डॉक्टरांनी दोन लिटर दिलं.

थर्माकोलच्या वाटीत चकती ठेवून नायट्रोजन ओतलं, बुडबुडे थांबले, मॅग्नेट सोडलं तर ते वर अधांतरी थांबायचं सोडून चकतीवरच पडून राहिलं. चाळीस पोरं बघत होती, लई वाईट वाटलं. विक्रेत्याला तीन मेल केले, उत्तर नाही.

मग विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याला दाखवलं, तो म्हणला सर ऑक्सिजन उडाला असेल. वायबीसीओत सगळा खेळ त्याचाच, सूत्रात ऑक्सिजन 7 च्या जवळ असला तर 92-93 केल्विनलाच (केल्विन म्हणजे उणे 273 डिग्री सेल्सियसपासून मोजलेलं तापमान) सुपरकंडक्टर होतंय, 6.6 ला आला की ते तापमान 60 केल्विनवर घसरतं, अजून कमी झाला तर काहीच नाही. नायट्रोजन उकळतंय 77 ला, मग 60 वाली चकती त्यात कितीही बुडवा, तेवढी थंड होणारच नाही. जास्तीचा ऑक्सिजन तांब्याच्या थरातून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, मागं होल्स म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा राहतात, त्यांच्या जोड्या जमल्या की करंट विनारोध वाहतो. त्यानं चकती ऑक्सिजन सोडलेल्या भट्टीत 450 डिग्रीला रात्रभर ठेवून सावकाश थंड केली.

दुसऱ्या खेपेला मॅग्नेट चकतीच्या वर चार-पाच मिलिमीटरवर अधांतरी थांबलं, टिचकी मारली तर भिंगरीसारखं फिरत राहिलं! मागची पोरं बाकावर चढलती.

किटच्या माहितीपत्रकात डोपिंग (पदार्थात एखादं मूलद्रव्य कमी-जास्त करून किंवा बदलून त्याचे गुण बदलणं) हा शब्दच नाही, हे मला पटलं नाही. सोबत झिंक मिसळलेली एक चकती द्यायला पाहिजे होती, तांब्याच्या जागी थोडं झिंक गेलं तरी सुपरकंडक्टर होण्याचं तापमान धडाधड उतरतं, अन् यिट्रियमच्या जागी गॅडोलिनियम घातलं तर फारसा फरक नाही, म्हणजे कोण कुणाच्या जागी बसला ते बघावं लागतं. मॅग्नेशियम डायबोराइड या दुसऱ्या सुपरकंडक्टरचंही तसंच, तो 39 केल्विनला सुपरकंडक्टर होतो हे 2001 मध्ये सापडलं, बोरॉनच्या जागी कार्बन घातला की तापमान कमी होतं पण जोराचं मॅग्नेटिक फील्ड सोसतं, म्हणून वायर करणारे मुद्दाम घालतात.

वापरून झालं की चकतीवर दव बसतंय, पाण्यानं ती खराब होते, तेव्हा नीट सुकवून सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. पाचपैकी तीन स्टार, मेलला उत्तर आलं असतं तर चार दिले असते.