डिकॉन्फ्लिक्शन सेवा: पोच मिळते, हमी नाही (५ पैकी २ तारे)

युद्धक्षेत्रात मदत पोहोचवणाऱ्या संस्थांसाठी ही सेवा मोफत आहे. आपली रुग्णालयं, गोदामं आणि गाड्यांचे मार्ग लढणाऱ्या फौजांना आधी कळवायचे, म्हणजे तिथे मारा होणार नाही, असा हिशेब. बहुतेक ठिकाणी संयुक्त राष्ट्रांचं, मदतकार्याचा समन्वय करणारं ‘ओचा’ कार्यालय मध्यस्थ असतं, काही संस्था थेट लष्कराला कळवतात.

फॉर्म सोपा, चुका मात्र ठरलेल्या. अक्षांश-रेखांश तीनच दशांशांपर्यंत दिले तर जागा पन्नासेक मीटर इकडेतिकडे सरकते. पाच दशांश द्या, मीटरभरात येते. दशांश अंश आणि अंश-मिनिटं-सेकंद यांची सरमिसळ नको. नुसतं फाटक दाखवून भागत नाही, आवाराचे चारही कोपरे द्या. वेळ स्थानिक की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), ते लिहा. गाडी किंवा रस्ता बदलला की पुन्हा कळवा आणि पोच लेखीच घ्या.

दोन तारे एवढ्यासाठीच. खरी गोची पोच मिळाल्यानंतर सुरू होते.

३ ऑक्टोबर २०१५ला अफगाणिस्तानातल्या कुंदूझमध्ये अमेरिकी विमानाने ‘एमएसएफ’ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदतसंस्थेचं रुग्णालय उद्ध्वस्त केलं. ४२ माणसं गेली. अक्षांश-रेखांश चार दिवस आधीच कळवलेले होते, पण विमान घाईत उडालं आणि ‘इथे मारा नको’ ही यादी वैमानिकांजवळ नव्हतीच. हल्ला चालू असताना केलेल्या फोनांनीही मारा लगेच थांबला नाही. १ एप्रिल २०२४ला गाझात ‘वर्ल्ड सेंट्रल किचन’ या अन्नमदत संस्थेच्या तीन गाड्या इस्रायली लष्कराला कळवून, दैर अल-बलाहच्या गोदामात माल उतरवून निघाल्या होत्या. तिन्ही एकामागून एक टिपल्या गेल्या, सात जण ठार. छतावरचं बोधचिन्ह रात्री ड्रोनच्या कॅमेऱ्यात दिसलं नाही, असं इस्रायली लष्कर म्हणालं. त्यामुळे रंगवलेल्या चिन्हावर रात्री विसंबू नका. सीरियात तर यादीतल्या रुग्णालयांवरही बॉम्ब पडले आणि जून २०२०मध्ये रशिया या व्यवस्थेतून बाहेरच पडला.

म्हणून नोंदणी टाळायची का? नाही. ‘आम्हाला ठाऊकच नव्हतं’ हा फौजांचा बचाव तेवढा हातचा जातो. मात्र २०२४मध्ये जगभरात ३८३ मदतकर्मी मारले गेले, हा आकडा समोर ठेवूनच फेरी आखा.

नोंदणी करतानाच दोन गोष्टी विचारा: ही यादी ड्रोन चालवणाऱ्याच्या हातात कोण देतं, आणि रात्री दोन वाजता फोन कोण उचलतं? नेमकं उत्तर मिळालं नाही, तर रात्रीची फेरी रद्द करा.