नवं स्मार्ट मशिन घ्यावं, की जुन्यावर सेन्सर बसवावेत?

मशिन किती वेळ चाललं, किती वेळ आणि का थांबलं, हे त्याच दिवशी कळायला हवं, हे बहुतेक कारखानदारांना पटलेलं असतं. गाडी अडते ती पुढे. सगळं आतच बसवून आलेलं नवं सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारं) मशिन घ्यायचं, की चालू मशिनवर बाहेरून सेन्सर लावून गेटवेतून, म्हणजे ती नेटवर्कवर पाठवणाऱ्या पेटीतून, माहिती काढायची? मी दोन्ही केलंय, आधी नवं टर्निंग सेंटर (सीएनसी लेथ) घेतलं आणि मग दोन जुन्या लेथवर सेन्सर बसवले.

कामाच्या बाबतीत नव्या मशिनला नाव ठेवायला जागा नाही. झिजलेला बॉलस्क्रू (मशिनचे भाग अचूक सरकवणारा स्क्रू) सेन्सर लावून सुधारत नाही. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) हाताबाहेर जात असेल किंवा फाइव्ह ॲक्सिसचं, म्हणजे पाच अक्षांवर हालचाल लागणारं, काम येणार असेल, तर नवंच घ्या.

माझ्याकडे घोडं अडलं ते माहितीपाशी. अलार्म, सायकल टाइम, स्पिंडल लोड (फिरणाऱ्या मुख्य दांड्यावरचा भार), सगळं मशिनच्या स्क्रीनवर दिसायचं, पण बाहेर यायचं ते फक्त उत्पादकाच्याच सॉफ्टवेअरमध्ये. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशिनची माहिती एका भाषेत यावी म्हणून ओपीसी यूए आणि 2008 पासून एमटीकनेक्ट अशी खुली मानकं आहेत. आमच्या कंट्रोलरमध्ये, म्हणजे मशिन चालवणाऱ्या संगणकात, तशी सोय होतीही, पण कुलूप लावलेली. ऑप्शन वेगळा विकत घ्यायचा आणि तो चालू करायला सर्व्हिस इंजिनियरची वाट बघायची. तो आला तेव्हा कळलं, आधी कंट्रोलरचं सॉफ्टवेअर अपडेट करावं लागेल, त्यासाठी दुसरा माणूस येईल. या सगळ्यात आठ महिने गेले. तोवर आमचा सुपरवायझर दर शिफ्टच्या शेवटी त्या महागड्या मशिनसमोर उभा राहून स्क्रीनवरचे आकडे वहीत उतरवून घेत होता. ती वही बघितली की मला फार वाईट वाटायचं. सगळ्याच उत्पादकांकडे असं होत असेल असं म्हणणार नाही, माझ्याकडे झालं.

जुन्या लेथचे कंट्रोलर आरएस-232 या जुन्या सिरियल केबल जोडणीच्या काळातले, त्यांच्याकडून फार काही मिळणार नव्हतं. म्हणून त्यांना हातच लावला नाही. टॉवर लॅम्पच्या (मशिनची स्थिती दाखवणाऱ्या रंगीत दिव्यांच्या) 24 व्होल्टच्या वायरवरून सिग्नल घेतला आणि विजेच्या वायरभोवती उघडून अडकवता येणारा करंट सेन्सर बसवला, वायर न कापता. पहिल्या दिवशी चूक झाली. सेन्सर मेन केबलवर होता, त्यामुळे कूलंट पंप चालू असला तरी मशिन काम करतंय असं दिसायचं. आमच्याच इलेक्ट्रिशियनने तो स्पिंडल ड्राइव्हच्या इनपुटवर हलवला, स्पिंडल नुसता फिरताना किती करंट आणि कट घेताना किती हे बघून मर्यादा ठरवली. कुणाला फोन नाही की परवानगी नाही.

ऑपरेटर मात्र बिथरले. एकाने स्पष्टच विचारलं, "साहेब, हे आमच्यावर नजर ठेवायला आहे का?" त्याचं उत्तर तोंडी देऊन भागलं नसतं. स्क्रीन ऑफिसात न लावता मशिनशेजारी लावला आणि थांबण्याचं कारण निवडायची बटणं त्यांच्याच हातात दिली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच दाखवलं की सर्वांत जास्त वेळ जातोय तो सेटिंगनंतर पहिला जॉब तपासून मिळण्याची वाट बघण्यात. इन्स्पेक्शनचं टेबल लाइनजवळ आणलं. नव्या मशिनवर हाच प्रश्न होता, फक्त तो त्या वहीत कुठेतरी पुरला गेला होता.

या मार्गाला मर्यादा आहेतच. मशिन थांबलं हे करंट सांगतो, कोणत्या अलार्मने थांबलं हे सांगत नाही, ते ऑपरेटरच्या बटणावर अवलंबून राहतं. इलेक्ट्रिशियन सोडून गेला तर वायरिंगचा नकाशा कागदावर हवा, आम्ही तो उशिरा केला. आणि ज्यांच्याकडे असा हाताशी माणूसच नाही, त्यांना नवं मशिन कदाचित सोयीचं पडेल.

तरी मला विचाराल तर सुरुवात जुन्यापासून करा. आमच्याकडे आता तिसऱ्या लेथचं काम चालू आहे. पुढे नवं मशिन घेईन तेव्हा ऑर्डर देण्याआधी दोनच गोष्टी मागेन: खुल्या मानकातून माहिती वेगळ्या ऑप्शनशिवाय बाहेर येईल हे लेखी, आणि डेमोच्या वेळी ती आमच्या लॅपटॉपवर येताना दाखवणं.