बिडाच्या तव्यासाठी कड्यांच्या जाळीची घासणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या श्रावणात सासूबाईंच्या धपाट्यात तारेचा तुकडा निघाला, म्हणून ही खरेदी झाली. तुकडा नखाएवढाही नव्हता. केसासारखा काळा आणि टोकाला आकड्यासारखा वळलेला होता. त्यांनी तो जिभेवरून बोटाने काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, "नरड्यात अडकलं असतं म्हणजे गं?" तारेचा काथ्या बिडावर मुरलेला तेलाचा थर खरवडतो हे मला ठाऊक होते, पण थर पुन्हा बसवता येतो, असे म्हणत मी वर्षानुवर्षे स्वस्त काथ्यावर भागवत आले. झिजलेल्या काथ्याची तार तुटून अन्नात जाते, याचा विचार मात्र कधी केला नव्हता. त्याच संध्याकाळी घरातले सगळे तारेचे काथे टाकून दिले आणि स्टेनलेस स्टीलच्या कड्या गुंफलेली तळहाताएवढी जाळी ऑनलाइन मागवली. किंमत 449 रुपये पडली, आणि घासणीसाठी ती मला आजही जास्तच वाटते.

पहिले दोन महिने मी या जाळीची सगळीकडे स्तुती केली, कारण ती पाणी वाचवते. लातुरात 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळात एका तांब्यात चार भांडी विसळण्याची जी सवय लागली, ती अजून सुटलेली नाही. पिठल्याची कढई कोमट असतानाच तिच्यात दोन पळ्या गरम पाणी घालायचे, हलक्या हाताने जाळी गोल फिरवायची, की तळाची खरवड पापुद्र्यासारखी सुटून येते. (कढई फार तापलेली असताना गार पाणी घालू नये, बीड तडकते.) कडी गोल असल्यामुळे ती वर चिकटलेले अन्न उचलते आणि खाली घट्ट बसलेल्या थराला धक्का लावत नाही. हे सगळे मी तेव्हा अनेकांना सांगितले आणि ते खरेही आहे, पण अर्धेच.

तिसऱ्या महिन्यात तव्याच्या मधोमध तीन-चार बारीक रेघा दिसू लागल्या. उन्हात तिरका धरला की त्यांतून करडे लोखंड चमकत होते, आणि तवा रात्रभर ओलसर राहिला तर सकाळी तिथेच तांबूस गंज धरत होता. मी जाळीला लोहचुंबक लावून पाहिले, तर ते चटकन चिकटले. खऱ्या स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही या समजुतीने, स्टील नकली आहे असा निष्कर्ष काढून मी विक्रेत्याला रागाने तक्रार लिहिली. परत करण्याची दहा दिवसांची मुदत संपली आहे, एवढेच उत्तर आले.

चुंबकाविषयीची ती तक्रार मी इथे मागे घेते. आमच्या शेजारी फॅब्रिकेशनचे काम करणारे काका राहतात, त्यांनी ती चूक दाखवून दिली. 304 प्रतीच्या स्टीलला चुंबक सहसा चिकटत नाही हे बरोबर. पण 430 प्रत हीसुद्धा स्टेनलेसच असते आणि तिला चिकटते, शिवाय 304 ची तार थंड अवस्थेत ओढून वळवली की तिच्यातही थोडे चुंबकत्व येते. मग काकांनी पुसण्यासाठी ठेवलेल्या कापसाचा एक पुंजका घरातून मागितला आणि जाळीवरून अलगद ओढला. जिथे कडीचा सांधा वितळवून नीट जुळवलेला होता तिथून कापूस सरळ निसटला. जिथे तारेची दोन टोके नुसती जवळ आणून सोडली होती तिथे पांढरा तंतू अडकून राहिला. असे अकरा तंतू मी स्वतः मोजले. माझ्या तव्यावरच्या रेघा या अकरा उघड्या टोकांनी काढलेल्या आहेत. भोवताली एवढा कापूस पिकत असताना ही साधी परीक्षा मला पहिल्या दिवशी सुचायला हवी होती. मी सांध्यांचे छायाचित्र काढून विक्रेत्याला पुन्हा लिहिले, तर त्यांनी वापरण्याच्या सूचनांचा कागदच परत पाठवला. माझा मुख्य आक्षेप यावर आहे: जाळीची जाडी, आकार, चकाकी हे सगळे दुय्यम असून प्रत्येक कडीचा सांधा बंद आहे की नाही, यावरच तव्याचे आयुष्य ठरते, आणि नेमके तेच विकताना कोणी सांगत नाही.

मधल्या काळात इतर घासण्याही वापरून पाहिल्या. हिरव्या घासणीत कठीण घासकण असतात. चार दिवसांत तव्याचा तुकतुकीतपणा गेला. नायलॉनचा ब्रश गरम तव्यावर टेकताच त्याचे केस वाकडे झाले. नारळाच्या काथ्याने भाकरीचे जळके पीठ छान निघते. पण रोजच्या कामाला सर्वांत चांगले ठरले ते परसातले वाळलेले घोसाळे. साल सोलून, बिया झटकून त्याची जाळी घेतली की तिला खर्च नाही, धार नाही आणि तुटून पोटात गेली तरी इजा करील असे तिच्यात काही नाही. भांड्यांच्या द्रवसाबणाचा एखादा थेंब चालतो. मुरलेला थर त्याने निघत नाही, तो निघतो कॉस्टिक सोड्याने. बोअरच्या क्षारांचे पांढरे डाग राहू नयेत म्हणून तवा लगेच पुसून गॅसवर कोरडा करायचा आणि करडईच्या तेलाचा बोळा फिरवायचा.

त्या अकरा कड्या मी पक्कडीने तोडून काढल्या. जाळीला दोन ठिकाणी बोट जाईल एवढी भोके पडली आहेत, पण गेल्या चार महिन्यांत तव्यावर नवी रेघ उमटलेली नाही, आणि जुन्या रेघा तेलाने हळूहळू भरत आल्या आहेत. आता ही जाळी फक्त पिठल्याच्या कढईसाठी खिळ्याला टांगलेली असते. सासूबाईंचा धपाट्याचा तवा घोसाळ्यानेच घासला जातो.