तळाचा आकडा की पाण्याची बादली?

भंगारात द्यायचं प्लास्टिक ओळखायच्या घरगुती वाटा दोन. पहिली सोपी: वस्तू उलटी करून त्रिकोणातला आकडा वाचायचा. 1 म्हणजे पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), 2 एचडीपीई (शाम्पूच्या बाटल्यांचं), 3 पीव्हीसी (पाइपांचं), 5 पीपी (डब्यांचं). 1988 पासूनची ही पद्धत. पण कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या कठड्याशी सापडणाऱ्या फुटक्या तुकड्यांवर आकडा कुठला मिळायला?

तिथं पाणी कामाला येतं. तुकडा धुवायचा, बादलीत पूर्ण बुडवून चिकटलेले बुडबुडे बोटानं झटकायचे आणि सोडून द्यायचा. पाण्याच्या बाटलीचा तुकडा सरळ तळाला जातो, कारण पीईटीची घनता पाण्याच्या 1.38 पटीच्या आसपास आहे; तिचं टोपण मात्र तरंगत वर येतं. दुधाची पिशवीही तरंगते. टोपणं वेगळी काढायला याहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

पाणी फसतं ते पीव्हीसीपाशी. तेही पीईटीसारखंच बुडतं, आणि पीईटी वितळवताना थोडं जरी मिसळलं तरी आम्ल सुटून माल पिवळा, ठिसूळ होतो. म्हणून आकडा दिसत असेल तर त्यावरच विसंबावं, नसेल तरच बादली. जाळून वास घ्यायचा प्रकार मात्र अजिबात नको. पीव्हीसीचा धूर विषारी असतो.