नोटेवरची शाई: ऑफसेट की इंटाग्लिओ?

नोटेच्या पार्श्वभूमीची फिकट, बारीक जाळी बहुधा ऑफसेट छपाईची. शाई छपाईच्या प्लेटवरून रबरी ब्लँकेटवर (सिलिंडरवरच्या रबरी आवरणावर), तिथून कागदावर. थर पातळ, बोटाला सपाट. चुकतं ते जुळणीत: एखादा रंग जरासा सरकतो.

इंटाग्लिओचं प्रकरण वेगळं. या छपाईत प्लेटवर कोरलेल्या रेषांत दाट शाई भरून वरची पुसतात आणि प्रचंड दाबाने कागद त्या खाचांत दाबतात, म्हणून रेषा उठावदार. पुसणं कमी पडलं तर कोऱ्या जागी शाईचा धूसर थर राहतो, शाई कमी पडली तर रेषा तुटक येतात. ओली शाई गठ्ठ्यातल्या वरच्या शीटच्या पाठीला लागली, की तिथे उलटी प्रतिमा उमटते. दहापट भिंगाखाली तिरका उजेड पाडा: उठावाला सावली पडते. इस्त्री फिरवलेल्या नोटेवर मात्र ही परीक्षा फसू शकते.