सीलबंद पाकिटातली जुनी डिस्क

फोटो-व्हिडिओचा धंदा करणारे, सीसीटीव्ही बसवणारे, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मची दुकानं चालवणारे आपल्या खान्देशातले जे कुणी भाऊ असतील, त्यांच्यासाठी लिहितोय. बाजारात नवीन म्हणून ज्या हार्ड डिस्क मिळतात, त्यातल्या काही नवीन नसतात. माझ्या गळ्यात अशीच एक मारली.

दिवाळीआधी जळगावातल्या एका दुकानातून ४ टीबीची डिस्क घेतली. पाकीट सीलबंद, लेबल कोरं करकरीत, भाव इतरांपेक्षा जेमतेम पाच-सातशे रुपयांनी कमी. अर्ध्या किमतीत देत असता तर कुणालाही संशय आला असता, पण फसवणारा एवढा खुळा नसतो. लग्नसराईचं सगळं शूटिंग तिच्यावर चढत गेलं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास ती टकटक वाजायला लागली, फोल्डर उघडता उघडेना, आणि मग कॉम्प्युटरला दिसायचीच बंद झाली. पारोळ्याकडच्या एका आबांच्या नातीचं लग्न तिच्यात होतं. अल्बम कधीचा देऊन झाला होता, व्हिडिओ बाकी होता. आबांचा फोन आला, "भाऊ, पिच्चर कवय देशी?" म्हणजे व्हिडिओ कधी देणार? मी काय सांगणार!

दुकानदाराकडे गेलो, तर त्याचं उत्तर तयार होतं. "जिभाऊ, आजकालच्या डिस्कचं काही खरं राहिलं नाही. पूर्वीच्या दहा-दहा वर्षं चालायच्या. त्यात आपल्याकडचं ऊन, लाइटीचा खेळ."

हे पटतं, आणि तीच खरी गोम आहे. कारण त्यात थोडं तथ्य आहे. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, कारखाने पाण्यात गेले, डिस्कचे भाव भडकले आणि त्याच वर्षअखेरीला सीगेट आणि वेस्टर्न डिजिटल या डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांनी बऱ्याच मॉडेलांची वॉरंटी कमी केली. तेव्हापासून 'आता पहिल्यासारखा माल येत नाही' हे प्रत्येकाच्या तोंडी बसलं. पण बॅकब्लेझ नावाची अमेरिकन साठवण कंपनी आपल्या लाखो डिस्कचा हिशोब वर्षानुवर्षं जाहीर करते. त्यात २०२३ साली वर्षाकाठी निकामी होण्याचं प्रमाण १.४ टक्के होतं, २०२४ साली १.५७. थंड हवेत ठेवलेल्या डिस्क आहेत त्या, आपल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या दुकानातल्या नव्हेत, हे कबूल. तरीसुद्धा सहा महिन्यांत मेलेली प्रत्येक डिस्क 'आजकालची' म्हणून सोडून द्यायची नसते. आधी ती आजकालची आहे का, ते बघा.

माझी नव्हती. नाशिकच्या रिकव्हरीवाल्याने डिस्क उघडून तिचा जमेल तेवढा डेटा काढला आणि मला बोलावून स्क्रीन दाखवली. माझ्या हळदी-मांडवाच्या फोटोंच्या पलीकडे, मी कधी भरलीच नव्हती त्या जागेत, सीसीटीव्हीचे तुकडे होते. कुठल्यातरी जिनिंगचा वजनकाटा, त्यावर कापसाने भरलेली आयशर, बाजूला मफलर गुंडाळलेला माणूस. कोपऱ्यात तारीख, साल २०१८. आणि डिस्कच्या लेबलवर बनावटीचं वर्ष २०२४!

म्हणजे डीव्हीआरमध्ये, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यात, दिवसरात्र फिरलेली डिस्क. वर्षाचे ८,७६० तास होतात, अशी काही वर्षं धरा. नुसता क्विक फॉरमॅट मारला (त्यात जुना डेटा खरा पुसला जात नाही), लेबल बदललं आणि डिस्क किती तास चालली याची तिच्या आतली नोंद, जी 'स्मार्ट' नावाच्या माहितीत असते, शून्यावर आणली, जुन्या गाडीचं मीटर मागे फिरवतात तशी. लेबलवरचा सीरियल नंबर आणि आतला नंबरही जुळत नव्हता. आतला नंबर कंपनीच्या साइटवर टाकला, तर वॉरंटी कधीच संपलेली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, तिचा यात दोष नाही.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या एक्सोस मालिकेतल्या, हजारो तास चाललेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं. स्मार्टमधले तास पुसलेले होते, पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची आणखी एक नोंद असते, ती पुसायची राहिली होती. डिस्क तपासायच्या स्मार्टसीटीएल या प्रोग्रॅमच्या ७.४ पासूनच्या आवृत्तीत ती वाचता येते. स्मार्ट आणि फार्मचे तास जुळले नाहीत, की समजून जा.

डिस्क घेतल्यावर एकही फाइल टाकण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो या स्मार्टची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तास आणि सीरियल नंबर बघा आणि स्क्रीनशॉट ठेवा. तास शून्य दिसले म्हणून हुरळू नका. स्क्रूच्या भोकांभोवती ओरखडे आणि साटाच्या, म्हणजे केबल जोडायच्या, सोनेरी पिनांवर बारीक रेघा असतील तर ती कुठेतरी बसवून काढलेली आहे. क्विक नव्हे, पूर्ण फॉरमॅट रात्रभर चालू द्या, मग त्याच प्रोग्रॅममध्ये ०५ आणि सी५ या ओळी (डिस्कवरच्या खराब आणि संशयास्पद जागांची मोजणी) पुन्हा तपासा. तिथे आकडे वाढले तर सकाळीच परत करा.

माझं भांडण अजून मिटलेलं नाही. दुकानदार आधी म्हणाला, "ही डिस्क माझ्याकडचीच कशावरून?" बिलावर नुसतं '४ टीबी एचडीडी, १ नग' होतं, सीरियल नंबर नव्हता. सुदैवाने मी घेतल्याच्या दिवशीच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर डिस्कचा फोटो टाकून 'हीच का सीसीटीव्हीला पण चालेल?' विचारलं होतं, आणि त्याने 'हो' म्हटलं होतं. मग त्याने दुसरा फाटा काढला, तुम्ही धंद्यासाठी घेतली, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही. लागू आहे. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या कायद्यात बसते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवल्यावर त्याने डिस्कचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली. रिकव्हरीचा खर्च त्याच्या चौपट आहे, त्यावर तो बोलायला तयार नाही, म्हणून आयोगाचे कागद तयार करतोय. आबांना सप्तपदीचा व्हिडिओ मिळणार नाही, हे त्यांना घरी जाऊन सांगून आलो.