पिकअपच्या हौद्यातला घरगुती बंदोबस्त: नऊ महिन्यांनी काय टिकलं, काय बाद झालं

गाडी आली तेव्हा हौदा म्हणजे नुसता गुळगुळीत पत्रा. पहिल्याच आठवड्यात वळणावर रंगाचा डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत घरंगळत गेला आणि त्याचं झाकण निघालं. तयार मिळणारे सरकते कप्पे पाहिले, पण ते खूप महाग होते. मग घरात पडलेल्या लाकडातून, रबरातून आणि दोरीतून जमेल तसं करत गेलो.

सगळ्यात जास्त कामाला आली ती आडवी फळी. हौद्याच्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याला समोरासमोर उभ्या खाचा आहेत. बऱ्याच पिकअपना असतात, पण त्या कशासाठी हे कुणी सांगत नाही. दोन इंच जाडीची फळी मापाने कापून वरून खाचेत सोडली की कप्पा तयार. हवा तेव्हा उचलून पुढच्या खाचेत टाकायचा. चूक एकच झाली. फळी खाचेत अगदी गच्च बसेल अशी ठेवली होती. पावसात ती फुगली आणि अशी अडकली की खालून हातोडीने ठोकूनच निघाली. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, जाडीत आणि रुंदीत वाढतं. आता दोन्ही टोकांना रंधा मारून दोन-तीन मिलिमीटर मोकळे ठेवलेत, तेव्हापासून तक्रार नाही.

फळीखालोखाल रबराची जाड चटई. सामान बांधण्याआधी ते सरकणारच नाही असं केलं, तर दोरीवरचं अर्धं काम कमी होतं, हे मला चटईने शिकवलं. पण तिच्याखाली पाणी साचतं. चौथ्या महिन्यात उचलून पाहिली तर निचऱ्याची भोकं चिखलाने बुजलेली, आणि कोपऱ्यात रुपयाएवढा गंजाचा डाग. तारेच्या ब्रशने घासून प्रायमर लावला. आता दर महिन्याला चटई काढून धुतो. चटई असो वा प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर ठेवून पेट्रोलचा कॅन कधीही भरू नका. स्थिर विजेची ठिणगी पडू शकते. कॅन खाली जमिनीवर ठेवूनच भरायचा.

हलक्या सामानासाठी सायकलच्या जुन्या ट्यूब कापून पट्टे केले. बाजारातल्या ताणपट्ट्यांना लोखंडी आकडा असतो, तो सुटला तर थेट डोळ्यावर येतो. ट्यूबला ती भीती नाही. नऊ महिने उन्हात राहूनही त्या चिवट आहेत. मात्र जड वस्तूला रबर बांधू नये, खड्ड्यात ते ताणतं आणि वस्तू उडी मारते. तिथे मी रॅचेटचा, म्हणजे दातेरी खटक्याने कसायचा, पॉलिस्टरचा पट्टाच वापरतो, कारण नायलॉन जास्त ताणतो, ओला झाला की आणखीच. धारदार कडेवर पट्टा घासू नये म्हणून पाण्याच्या जुन्या पाइपाचा तुकडा उभा चिरून मध्ये बसवतो.

फसलं ते जाळं. स्वस्त प्लॅस्टिकच्या दोरीचं दोन संध्याकाळ बसून विणलं होतं, गाठी सुरेख जमल्या होत्या. पाचव्या महिन्यात हात फिरवला तर तळव्याला बारीक कुसं लागली आणि दोरीचा भुगा बोटांवर आला. त्याच दिवशी ते काढून टाकलं. ही दोरी उन्हात बाहेरून आत मरत जाते, रंग मात्र तसाच दिसत राहिला होता.

चाकाच्या उंचवट्यामागे प्लायवूडची पेटी केली होती, तीही गेली. कडा न रंगवल्यामुळे पाणी शिरून थर सुटले आणि खिळे हादऱ्यांनी वर आले. पेटी परत केली ती सगळ्या कडांना रंगाचे तीन हात देऊन, खिळ्यांऐवजी बोल्ट, मोठे वॉशर आणि आपोआप न सुटणारे नायलॉनच्या कड्याचे नट घालून. तिला आता तीन महिने झाले.

या पेटीची जागाही बदलली. आधी ती फाळक्याजवळ होती, हत्यारांनी भरली की पुढचं तोंड किंचित उचललं जायचं, स्टीअरिंग हलकं लागायचं आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्यांच्या डोळ्यात जायचा. जड माल मागच्या आसाच्या पुढे, केबिनला टेकून ठेवला की गाडी सरळ बसते. मी आता पेटी तिथेच बोल्टने कसली आहे, आणि फळीची पहिली खाच तिच्या पाठीशी येते. निघाल्यावर थोडं अंतर गेलं की एकदा थांबून पट्टे पुन्हा ओढतो, माल बसला की ते सैल पडतातच.